गोळीचे पंचांग कोणी ठरवायचे?

संततिनियमनाच्या गोळ्यांचे पाकीट ही वस्तू आता नवलाची राहिलेली नाही. औषधांच्या दुकानात ती मिळते, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, आशा कार्यकर्ती ती घरापर्यंतही आणून देते. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातील ‘माला-एन’चे पाकीट घेतले तर त्यात अठ्ठावीस गोळ्या असतात. पैकी एकवीस गोळ्यांत संप्रेरके असतात, उरलेल्या सातांत केवळ लोह असते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो, आणि गोळी घेणारी स्त्री निश्चिंत होते. महिन्याची पाळी महिन्याला आली, शरीराचे चक्र सुरळीत चालले आहे, असा तिचा समज होतो.

हा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चुकीचा आहे. गोळी घेत असताना त्या सात दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो निसर्गाच्या ऋतुचक्रातील पाळी नव्हे. संप्रेरकांचा पुरवठा अचानक थांबवल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढाच त्याचा अर्थ. एकवीस दिवस गोळी आणि सात दिवस खंड हे वेळापत्रक शरीराने घालून दिलेले नाही. ते सात दशकांपूर्वी काही शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक ठरवले. माणसाने ठरवलेले वेळापत्रक माणसाला बदलताही येते. खंड न घेता सलग चौऱ्याऐंशी दिवस गोळी घ्यायची आणि मग सात दिवस थांबायचे, म्हणजे वर्षाकाठी तेरा वेळांऐवजी चारच वेळा रक्तस्राव होईल, अशी जी दीर्घचक्र पद्धती पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे, तिचे मूळ या साध्या विचारात आहे.

वरवर पाहता हा विषय वैद्यकाचा. परंतु स्त्रीच्या शरीराचे पंचांग कोणी मांडायचे, त्यातील लाभ कोणाच्या पदरी आणि भार कोणाच्या माथी, हे प्रश्न समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचेही आहेत. आपल्याकडे तर ते अधिकच निकडीचे आहेत.

गोळी करते काय?

नैसर्गिक ऋतुचक्रात मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून अंडाशयाला संदेश जातात. त्यामुळे अंडाशयात एक बीज पक्व होऊ लागते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. चक्राच्या मध्यास पियुषिका ग्रंथीतून एका संप्रेरकाची लाट येते आणि बीज बाहेर पडते. यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक अस्तराला गर्भधारणेसाठी सिद्ध करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकांची पातळी घसरते, आणि निराधार झालेले अस्तर रक्तासह बाहेर पडते. हीच पाळी.

गोळीत याच दोन संप्रेरकांची कृत्रिम रूपे असतात. ती रोज पोटात गेली की पियुषिका ग्रंथीचे संदेश मंदावतात, मध्यावरची ती लाट येतच नाही, आणि बीज बाहेर पडत नाही. त्याशिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंना अटकाव करतो, आणि गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते. येथे एका जुन्या भीतीचे निरसन होते. पाळी आली नाही तर ‘खराब रक्त’ आत साचत राहते, असे घरोघरी मानले जाते. गोळी सलग घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात तसे काहीही साचत नाही, कारण अस्तर वाढलेलेच नसते. जे तयार झाले नाही, ते बाहेर पडण्याचा प्रश्न येतो कोठून?

सात दिवसांच्या खंडाला एक उणी बाजूही आहे. खंडाच्या काळात पियुषिका ग्रंथीवरचा दाब सैल होतो आणि अंडाशयात नवी बीजे वाढीस लागतात. म्हणून खंडानंतरची पहिली गोळी घेण्यास उशीर झाला, किंवा पहिल्या एक-दोन गोळ्या विसरल्या, तर गर्भ राहण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणजे ज्या खंडाला सुरक्षिततेची खूण मानले जाते, तोच या पद्धतीतील कच्चा दुवा आहे. गोळी अगदी बिनचूक घेतली तर वर्षभरात हजारात तीन स्त्रियांनाच गर्भ राहतो. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात, विस्मरण आणि उशीर धरून, हे प्रमाण शंभरात सातांपर्यंत जाते. बिनचूक आणि प्रत्यक्ष यांतील या अंतराला खंडानंतरचे विस्मरणही हातभार लावते.

सात दिवसांचा इतिहास

हा खंड मुळात आला कसा, हे पाहणे उद्बोधक आहे. १९५१ साली मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी, जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि लुईस मिरामोंतेस यांनी नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक तयार केले. तोंडाने घेता येणारे आणि परिणामकारक असे हे द्रव्य पुढे गोळीच्या आधारस्तंभांपैकी एक ठरले. त्याच सुमारास अमेरिकेत ग्रेगरी पिंकस हे जीवशास्त्रज्ञ आणि जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ संप्रेरकांवर काम करीत होते. मार्गारेट सँगर यांची प्रेरणा आणि कॅथरीन मॅकॉर्मिक या धनवान विदुषीचे द्रव्यसाहाय्य पिंकस यांच्यामागे होते.

रॉक यांच्याकडे येणाऱ्या स्त्रिया मूल नको म्हणून नव्हे, तर मूल होत नाही म्हणून येत. काही महिने संप्रेरके देऊन अंडाशयाला विश्रांती द्यावी आणि नंतर गर्भधारणा साधते का ते पाहावे, असा त्यांचा प्रयोग होता. संप्रेरके सलग दिली जात असल्यामुळे या स्त्रियांची पाळी थांबे, आणि अपत्याची आस लागलेल्या त्या बिचाऱ्यांना आपल्याला दिवस गेले असे वाटे. हा क्रूर भ्रम टळावा म्हणून पिंकस यांनी दर महिन्याला काही दिवस औषध थांबवण्याचे सुचवले. औषध थांबताच रक्तस्राव होई आणि गैरसमज दूर होई. खंडाचा जन्म असा झाला.

पुढे त्याला आणखी कारणे मिळाली. दर महिन्याला रक्तस्राव झाला की गर्भ राहिलेला नाही याची खात्री पटे. त्या काळी घरच्या घरी करता येण्याजोगी गर्भचाचणी उपलब्ध नव्हती. औषध ‘निसर्गासारखे’ वाटले तर ते लोकांच्या गळी उतरवणे सोपे, हाही हिशेब होताच. स्वतः रॉक हे श्रद्धावान कॅथॉलिक होते. गोळी ही निसर्गक्रमाचाच विस्तार आहे, तेव्हा चर्चने तिला मान्यता द्यावी, असा युक्तिवाद त्यांनी १९६३ साली पुस्तक लिहून केला. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमनाच्या साधनांना ठाम नकार दिला आणि रॉक यांची आशा मावळली. ज्यांची समजूत घालायची होती ते बधले नाहीत. पाकिटातील सात दिवस मात्र कायम राहिले.

‘एनोव्हिड’ ही पहिली गोळी अमेरिकेत १९५७ साली पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून आणि १९६० साली संततिनियमनाचे साधन म्हणून मान्य झाली. तिच्यात इस्ट्रोजेन वर्गातील द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅमच्या घरात असते. आरंभीच्या त्या जबर मात्रेत शरीराला महिन्यातून काही दिवस सुटका हवी असे वाटणे स्वाभाविक होते. मात्रा उतरली तरी वेळापत्रक मात्र तेच राहिले. रूढी केवळ देवघरातच तयार होतात असे नाही, प्रयोगशाळेतही होतात.

अठ्ठावीस ते चौऱ्याऐंशी

या रूढीला पहिला पद्धतशीर छेद दिला तो एडिंबरोच्या डॉक्टरांनी. १९७७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६ स्त्रियांना सलग चौऱ्याऐंशी दिवस गोळी देऊन तीन महिन्यांतून एकदाच खंड देण्यात आला होता. पैकी ८२ टक्के स्त्रियांनी या बदलाचे मनापासून स्वागत केले. तरीही हा विचार दीर्घकाळ तज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिला. तीव्र पोटदुखी, अतिरक्तस्राव किंवा एंडोमेट्रिओसिस असलेल्या रुग्णांना डॉक्टर दोन-तीन पट्ट्या सलग घेण्यास सांगत. पण सर्वसामान्य स्त्रीपर्यंत ही गोष्ट पोचली नाही.

ती पोचली सप्टेंबर २००३ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘सीझनेल’ या पाकिटाला मान्यता दिल्यावर. त्यात ८४ संप्रेरकयुक्त आणि ७ निष्क्रिय गोळ्या होत्या. प्रत्येक सक्रिय गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल. यातील कोणतेही द्रव्य नवीन नव्हते. औषध जुने, वेष्टन नवे. कंपनीने विकले ते खरे म्हणजे एक वेळापत्रक. २००६ साली ‘सीझनिक’ आले. त्यात शेवटच्या सात गोळ्या निष्क्रिय न ठेवता त्यांत अल्प मात्रेत इस्ट्रोजेन घातले होते. मे २००७ मध्ये ‘लिब्रेल’ला मान्यता मिळाली. ती वर्षाचे ३६५ दिवस विनाखंड घ्यायची गोळी होती. पुढे ती बाजारातून गेली, परंतु तत्त्व मागे राहिले. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधील ‘फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअर’ या तज्ज्ञ संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्टच म्हटले, की सात दिवसांच्या खंडाने आरोग्याला कोणताही लाभ होत नाही. तीन पट्ट्या सलग, अखंड, किंवा रक्तस्राव सुरू झाला की चार दिवस थांबून पुन्हा आरंभ, यांपैकी कोणतीही रीत स्त्रीला निवडता येईल, असा या मार्गदर्शिकेचा आशय आहे.

लाभ आणि जोखीम

जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्ष असा, की दीर्घचक्र पद्धती संततिनियमनात नेहमीच्या पद्धतीइतकीच परिणामकारक आणि सुरक्षित आहे. डोकेदुखी, पोट फुगणे आणि पोटदुखी यांबाबत काही अभ्यासांत ती सरस ठरली. अतिरक्तस्रावाने रक्त कमी झालेल्या स्त्रीला वर्षातून तेरा वेळांऐवजी चार वेळा रक्तस्राव होणे ही केवळ सोय नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्तक्षयाचे मुख्य कारण अपुरा आहार हे खरेच. परंतु गळका हंडा भरायचा तर पाण्याबरोबर भोकाचाही विचार करावा लागतो.

दुसऱ्या बाजूला, पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून, अवेळी रक्ताचे डाग दिसणे ही या पद्धतीतील सर्वांत सामान्य तक्रार होय. ती हळूहळू कमी होते. पण आधी सांगितले नाही तर स्त्री घाबरते आणि गोळी सोडून देते. चुकून गर्भ राहिल्यास महिन्याच्या रक्तस्रावाची खूण नसल्याने तो उशिरा लक्षात येण्याचा संभव असतो. शंका येताच चाचणी करणे हाच उपाय. गोळी बंद केल्यावर बहुतेक स्त्रियांची पाळी तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होते. कायमचे वंध्यत्व येते ही भीती निराधार आहे.

गंभीर जोखीम आहे ती रक्तवाहिनीत गुठळी होण्याची. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना हा विकार होतो. लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण पाच ते सात असते. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर ते याहूनही अधिक असते. धोका लहान आहे, पण शून्य नव्हे. उच्च रक्तदाब, पूर्वी झालेली गुठळी, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, किंवा डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा चमकून सुरू होणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रियांसाठी ही गोळी नाही. पस्तिशी उलटलेल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांसाठी आणि नुकत्याच बाळंत झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीही नाही. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध चालू असेल तर गोळीचा गुण उतरतो; क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात हे प्रत्येक स्त्रीला सांगितले गेले पाहिजे.

एक हिशेब मात्र विरोधकांच्या बाजूने मांडला पाहिजे. नेहमीच्या रीतीने वर्षाला तेरा पट्ट्या, म्हणजे २७३ सक्रिय गोळ्या लागतात. दीर्घचक्र पद्धतीत ३३६, म्हणजे सोळा पट्ट्या. तीन पट्ट्यांचा वाढीव खर्च किरकोळ आहे. पण शरीरात जाणारे एकूण संप्रेरक सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय गोळीचा एकंदर अनुभव साठ वर्षांहून जुना असला, तरी सलग घेण्यासंबंधीचे बरेचसे अभ्यास वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीचे आहेत. ‘पाळी हा रोग नव्हे, निरोगी स्त्रीला तिच्यावर औषध विकू नका,’ असा आक्षेप अमेरिकेतील पाळीविषयक संशोधकांच्या एका संघटनेने घेतला होता, तो या पार्श्वभूमीवर. निवडीला वाव असावा, परंतु निवड डोळसपणे व्हावी, हेच यातून निघते.

निसर्ग म्हणजे काय?

दीर्घचक्र पद्धतीच्या समर्थकांनी निसर्गाचा दाखला आपल्या बाजूने दिला आहे. मालीमधील डोगोन समाजात बेव्हर्ली स्ट्रासमन या संशोधिकेने केलेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील स्त्रीला आयुष्यभरात शंभरेक वेळाच पाळी येते. औद्योगिक समाजातील स्त्रीला सुमारे चारशे वेळा. ब्राझीलमधील एल्सिमार कुतिन्यो या डॉक्टरांनी याच धाग्याने, वारंवार येणारी पाळी ही आधुनिक काळाची निर्मिती आहे, असे प्रतिपादन केले. परंतु डोगोन स्त्रीची पाळी थांबते ती लागोपाठच्या गर्भारपणामुळे आणि दीर्घकाळ अंगावर पाजण्यामुळे. आपल्याकडेही पणजीच्या पिढीतील आठ-दहा बाळंतपणे झालेल्या स्त्रीची कहाणी वेगळी नव्हती. तिला पाळी कमी वेळा आली, म्हणून ती सुखी होती असे कोणी म्हणणार नाही. तात्पर्य, निसर्गाच्या नावाने ना दर महिन्याचा रक्तस्राव लादता येतो, ना त्याचे उच्चाटन. निर्णय अखेर माणसालाच घ्यावा लागतो.

देवघर आणि उसाचा फड

आणि येथेच आपल्या समाजाचे दुखणे सुरू होते. पाळीचे वेळापत्रक बदलणे आपल्याला मुळीच अपरिचित नाही. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचे लग्न, पंढरीची वारी असे निमित्त निघाले की ‘पाळी पुढे ढकलण्याची गोळी’ महाराष्ट्रातील असंख्य घरांत आणली जाते. पुष्कळदा डॉक्टरला न विचारता, केमिस्टकडून थेट. ही गोळी म्हणजे तेच नॉरएथिस्टेरॉन, जे १९५१ साली मेक्सिकोत तयार झाले. संततिनियमनाच्या गोळीत ते एखाद्या मिलिग्रॅमपर्यंत असते; पाळी ढकलण्यासाठी मात्र दिवसाला दहा-पंधरा मिलिग्रॅम घेतले जाते. एवढ्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो, म्हणून गुठळीचा धोका असलेल्यांना ते वर्ज्य. शिवाय अशा रीतीने घेतलेल्या या गोळीवर संततिनियमनासाठी विसंबता येत नाही. हे सारे किती घरांत ठाऊक असते? देवाच्या दारी विटाळ नको म्हणून जी गोळी निमूट स्वीकारली जाते, तीच स्त्रीने स्वतःच्या वेदनेपायी मागितली तर ‘निसर्गाविरुद्ध’ ठरते. आक्षेप गोळीला नसतो. ती कोणाच्या सोयीसाठी घेतली याला असतो.

याच प्रवृत्तीचे भीषण रूप २०१९ साली बीड जिल्ह्यात उघडकीस आले. ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातल्याही होत्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, त्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस चुकला की लागणारा खाडा, हे त्या व्यवहाराचे गणित. फडात शौचालय नाही, पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. अंगावरून जाण्याच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीवर औषधोपचार होऊ शकतो, हे सांगायला कोणी नाही. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवणारे मात्र भेटतात. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचा आदेश दिला, तो अशाच अनेक कहाण्यांच्या पार्श्वभूमीवर.

अतिरक्तस्रावाने त्रस्त अशा एखाद्या स्त्रीला योग्य तपासणीनंतर सलग घेतलेल्या गोळीने शस्त्रक्रिया टाळता आली असती, हे शक्य आहे. परंतु उद्या मुकादमानेच हंगामाच्या आरंभी गोळ्यांची पाकिटे वाटली तर? सुरी गेली आणि गोळी आली, एवढाच फरक पडेल. दोहोंमागे हिशेब तोच राहील: कामाचे वेळापत्रक अढळ, बदलायचे ते स्त्रीचे शरीर. शौचालय, पाणी, विसावा आणि खाडामुक्त रजा यांना पर्याय म्हणून पुढे येणारी कोणतीही गोळी, वैद्यकीयदृष्ट्या कितीही निर्दोष असली, तरी सामाजिकदृष्ट्या विषारीच म्हणावी लागेल.

संमतीचा प्रश्न

ही शंका निराधार नाही. गोळीचा इतिहासच तिला पुष्टी देतो. १९५६ साली पोर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे पहिल्या गोळीची मोठी चाचणी झाली, तेव्हा तेथील गरीब स्त्रियांना आपण प्रयोगाचा भाग आहोत हे सांगितले गेले नव्हते. आपल्याकडे १९८५ साली हैदराबादजवळील पटनचेरू येथे नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीत खेड्यातील स्त्रियांना पुरेशी माहिती न देताच त्यांना बोलावले गेल्याचे स्त्रीसंघटनांनी उजेडात आणले आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. नेट-एन हेही नॉरएथिस्टेरॉनचेच रूप. मेक्सिकोतील प्रयोगशाळा, पटनचेरूचे शिबिर आणि मराठी घरातील देवघर यांना जोडणारा धागा हा एकच रेणू आहे. तो ठिकठिकाणी पोचला. त्याविषयीचे ज्ञान मात्र मागेच राहिले.

आता पुन्हा ‘माला-एन’कडे वळावे. तिच्या प्रत्येक सक्रिय गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. ‘सीझनेल’मध्ये होते तेवढेच, तेच. अमेरिकन बाजारात जे नवे युग म्हणून गाजले, ते द्रव्य आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या पाकिटातही आहे. उणीव औषधाची नाही, माहितीची आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करला होता; गोळी घेणाऱ्या अवघ्या ५.१ टक्के होत्या. यामागे अनेक कारणे असतील. पण जिला रोजच्या गोळीचे कार्यच कधी समजावले गेले नाही, ती एकदाच काय ते उरकून मोकळी होते, हे समजण्याजोगे आहे.

याचा अर्थ वाचकांनी उद्यापासून पट्ट्या सलग घेण्यास आरंभ करावा असा नव्हे. रक्तदाब तपासल्याविना आणि पूर्वेतिहास सांगितल्याविना हे पाऊल टाकू नये. मागणी आहे ती याहून साधी. गोळीचे पाकीट हाती देताना त्यातील एकवीस गोळ्या काय करतात, सात काय करत नाहीत, रक्तस्राव का होतो, तो लांबवता येतो का आणि कोणी लांबवू नये, हे स्त्रीच्या भाषेत तिला सांगितले जावे. आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणात, परिचारिकेच्या अभ्यासक्रमात, महाविद्यालयाच्या आरोग्य शिबिरात या गोष्टींना स्थान मिळावे. त्यासाठी नवा कारखाना नको, परकीय चलन नको. संकोच सोडण्याची तयारी तेवढी हवी.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हे ज्ञान मराठीत मांडले. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले. त्यांच्या काळी साधने तुटपुंजी होती आणि ज्ञान देऊ पाहणारा एकाकी होता. आज साधने गावोगावी पोचली आहेत. तरी पाकिटाच्या पाठीवर काय लिहिले आहे, हे समजावून सांगणारा अजून दुर्मीळच आहे. गोळीचे पंचांग चर्चने मांडून झाले, कंपनीने मांडून झाले, देवघराने आणि मुकादमानेही मांडून पाहिले. जिच्या शरीरात ते चालते, तिला विचारण्याचे तेवढे राहून गेले आहे.